वादातून सत्यशोध : 'पियदसि' राजाच्या ओळखीचा इतिहास

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या दिवशी एका विहारातील पाली वर्गात एका तरुण उपासिकेने आम्हांस प्रश्न विचारला होता. तिने म्हटले, "सर, १९५६ साली भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे २५०० वे वर्ष साजरे झाले. पण बाबासाहेबांच्या ग्रंथात परिनिर्वाणाचे वर्ष इ.स.पू. ४८३ दिले आहे. मग २५०० वर्षे १९५६ साली कशी भरतात?" तिचे गणित बिनचूक होते. इ.स.पू. ४८३ पासून मोजल्यास २५०० वर्षे २०१८ साली पूर्ण होतात. वर्गातील एक वयोवृद्ध उपासक तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, आज पौर्णिमेच्या दिवशी असे प्रश्न नकोत." आम्हीही तो विषय तेथेच थांबविला. पाली भाषेच्या अध्यापकाला हे शोभणारे नव्हते, ही बोच तेव्हापासून मनात आहे. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

हे उत्तर एका वर्षाच्या आकड्यापुरते मर्यादित ठेवता येत नाही. विसंगती दिसली की श्रद्धेला धक्का बसेल म्हणून ती झाकावी, की तीच ज्ञानाची पुढील पायरी मानावी, हा मूळ मुद्दा आहे. शास्त्रीय संशोधन म्हणजे एकापाठोपाठ एक सिद्ध होत गेलेल्या सत्यांची सरळ मालिका, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्ष इतिहास पाहिला तर असे दिसते की एखादे मत मांडले जाते, त्याला प्रतिवाद होतो, प्रतिवादाचे निरसन करण्यासाठी नवा पुरावा शोधावा लागतो, आणि त्या पुराव्याने बहुधा दोन्ही पक्षांना आपापल्या मतात दुरुस्ती करावी लागते. पदार्थविज्ञानाला जे लागू आहे तेच अभिलेखशास्त्रालाही लागू आहे. आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका उदाहरणावरून हे स्पष्ट करता येईल. ते उदाहरण म्हणजे प्रियदर्शी सम्राट अशोकाची ओळख पटल्याचा इतिहास.

न वाचता येणारी अक्षरे

आज शाळकरी मुलालाही अशोक ठाऊक आहे. सारनाथचा सिंहशीर्ष आपली राजमुद्रा आहे आणि त्याचे चक्र राष्ट्रध्वजावर आहे. परंतु दोनशे वर्षांपूर्वी ही स्थिती नव्हती. पुराणांच्या राजवंशावळीत 'अशोक' हे एक नाव होते आणि पाली व संस्कृत बौद्ध ग्रंथांत त्याच्या कथा होत्या, पण भारतभूमीवर त्याचे शिलालेख डोळ्यांसमोर असूनही ते त्याचे आहेत हे कोणास ठाऊक नव्हते. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशाह तुघलकाने टोपरा व मेरठ येथील दोन स्तंभ मोठ्या खटाटोपाने दिल्लीस आणविले. त्यांवरील लेख वाचू शकणारा एकही पंडित त्याला मिळाला नाही. ज्या देशात धम्मलिपी कोरली गेली त्याच देशात ती लिपी वाचणारे उरले नाहीत, ही गोष्ट बौद्ध धम्माच्या भारतातील ऱ्हासाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

१७८४ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीची स्थापना झाल्यावर या लेखांच्या नकला जमू लागल्या. १८३६ साली ख्रिश्चन लासेन या विद्वानाने ग्रीक राजा अगाथोक्लीस याच्या द्विभाषिक नाण्यावरील ब्राह्मी अक्षरे ओळखली. त्यानंतर १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या अवघ्या अडतीस वर्षांच्या संशोधकाने सगळी वर्णमाला उलगडली. प्रिन्सेप हे कलकत्त्याच्या टाकसाळीत धातूंचा कस पाहणारे अधिकारी होते आणि सोसायटीचे कार्यवाहही होते. सांची येथील स्तूपाच्या कठड्यावरील छोट्या छोट्या लेखांच्या नकला पाहताना त्यांच्या लक्षात आले की बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. हे दानाचे लेख असावेत आणि शेवटची अक्षरे 'दानं' अशी असावीत, असे त्यांनी अनुमान केले. हे अनुमान बरोबर ठरले. ज्यांनी ही दाने दिली ते उपासक, उपासिका, भिक्षू आणि भिक्षुणी सामान्य माणसे होती. त्यांच्या त्या लहानशा नोंदींनी सम्राटाच्या लेखांचे कुलूप उघडले, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

पहिले मत आणि त्याचे खंडन

लिपी वाचता आली तरी प्रश्न सुटला नव्हता. स्तंभांवरील लेखांत बोलणारा राजा स्वतःस 'देवानंपिय पियदसि' म्हणवितो. हा राजा कोण? त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांत 'देवानंपिय' ही उपाधी धारण करणारा प्रसिद्ध राजा एकच होता, तो म्हणजे सिंहलद्वीपाचा देवानंपिय तिस्स. म्हणून हे लेख त्याचे असावेत, असे मत प्रिन्सेप यांनी १८३७ साली मांडले. आज हे मत आपणांस विचित्र वाटते. सिंहलद्वीपाच्या राजाचे आज्ञालेख दिल्ली आणि अलाहाबाद येथे कसे येतील, ही शंका कोणालाही सुचण्यासारखी आहे. परंतु हाती असलेल्या पुराव्याच्या मर्यादेत ते तर्कसंगत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते तपासता येईल अशा स्वरूपात मांडलेले होते.

ते तपासले जॉर्ज टर्नर यांनी. टर्नर हे सिंहलद्वीपाच्या मुलकी सेवेतील अधिकारी होते. तेथील भिक्षूंच्या साहाय्याने ते पाली शिकले होते आणि १८३७ सालीच त्यांनी महावंसाचा मूळ पाठ भाषांतरासह प्रसिद्ध केला होता. दीपवंसाचे हस्तलिखित वाचताना त्यांना असे आढळले की चंद्रगुप्ताचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र जो अशोक, त्यालाच तेथे 'पियदस्सि' व 'पियदस्सन' या नावांनी संबोधिले आहे, आणि बुद्धपरिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी त्याचा अभिषेक झाला असे म्हटले आहे. म्हणजे स्तंभांवरील राजा सिंहलद्वीपाचा तिस्स नसून मगधाचा अशोक होता. टर्नर यांनी हे कळविले, आणि त्यांचा निबंध त्याच वर्षी ज्या नियतकालिकात छापला गेला त्याचे संपादक होते स्वतः प्रिन्सेप.

या घटनेवर क्षणभर थांबले पाहिजे. आपल्या मताचे खंडन करणारा निबंध आपल्याच नियतकालिकात, काही महिन्यांच्या आत छापणे आणि ते खंडन मान्य करणे, ही गोष्ट सोपी नाही. प्रिन्सेप यांची कीर्ती त्यामुळे कमी झाली नाही. ते १८४० साली अकाली निवर्तले, परंतु ब्राह्मीचे वाचन म्हटले की आजही त्यांचेच नाव प्रथम घेतले जाते. तसेच हेही विसरून चालणार नाही की दीपवंसाच्या नकला शतकानुशतके करीत राहिलेल्या अनाम भिक्षूंनी तो पुरावा जपून ठेवला नसता तर टर्नर यांच्याजवळ प्रतिवादाचे साधनच नसते.

विल्सन यांचे आक्षेप

वाद येथे संपला नाही. संस्कृतचे ख्यातनाम पंडित एच. एच. विल्सन यांनी १८५० च्या सुमारास गिरनार, धौली आणि कपुर्दगिरी (म्हणजे आजचे शाहबाजगढी) येथील लेखांचे तुलनात्मक परिशीलन करून या निष्कर्षावरच शंका घेतली. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की लेखांत 'अशोक' हे नाव कोठेही नाही. पियदसि म्हणजे अशोक हे समीकरण पुष्कळ उत्तरकालीन अशा सिंहली ग्रंथावर अवलंबून आहे. आणि या लेखांतील उपदेश सर्वसाधारण नीतीचा असल्याने त्यांना बौद्ध लेख म्हणण्यास पुरेसा आधार नाही.

हे आक्षेप वाचून आपल्यापैकी अनेकांना राग येईल. अशोकाला आपल्यापासून हिरावून घेण्याचा हा प्रयत्न आहे असेही वाटेल. परंतु आक्षेपाचे उत्तर रागाने देता येत नाही, आणि विल्सन यांचे आक्षेप त्या वेळी निराधार नव्हते. दीपवंस हा अशोकानंतर काही शतकांनी रचलेला ग्रंथ आहे, हे खरे आहे. तोवर ज्ञात असलेल्या मोठ्या शिलालेखांत आणि स्तंभलेखांत 'अशोक' हे नाव नव्हते, हेही खरे होते. प्रश्न होता तो पुराव्याचा.

धर्माविषयीच्या आक्षेपाचे उत्तर एका शिळेने दिले. राजस्थानातील बैराट येथे १८४० साली कॅप्टन बर्ट यांना सापडलेल्या लेखात मगधाचा राजा पियदसि संघाला अभिवादन करतो, बुद्ध, धम्म आणि संघ यांच्या ठायी आपला आदर व श्रद्धा व्यक्त करतो, आणि भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका यांनी सात धम्मपर्यायांचे वारंवार श्रवण-मनन करावे अशी इच्छा प्रकट करतो. या लेखाचे बौद्धत्व विल्सन यांनाही मान्य करावे लागले. तरीही वादाची दुसरी बाजू उभी राहिलीच. १८७७ साली एडवर्ड टॉमस यांनी अशोक आरंभी जैन मताचा होता असा पक्ष मांडला. त्याच्या निरसनासाठी अभ्यासकांना अशोकाच्या लेखांचा कालानुक्रम, अभिषेकाचे कोणते वर्ष कोणत्या लेखात आले आहे, याचा बारकाईने विचार करावा लागला. विरोधी मत टिकले नाही, पण त्याने लावलेली सवय टिकली.

बैराटच्या लेखातील सात धम्मपर्याय कोणते, हा तर स्वतंत्र वादाचा विषय झाला, आणि त्यात एका मराठी विद्वानाने मोलाची भर घातली. गोव्यात जन्मलेले आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ साली 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात त्यांवर निबंध लिहिला. 'मुनिगाथा', 'मोनेयसूत' आणि 'उपतिसपसिन' ही सुत्तनिपातातील अनुक्रमे मुनिसुत्त, नालकसुत्त व सारिपुत्तसुत्त होत, हे मत आता बहुतेकांस ग्राह्य आहे. 'लाघुलोवाद' म्हणजे मज्झिमनिकायातील राहुलोवाद, यावरही फारसा मतभेद नाही. मात्र 'विनयसमुकस' म्हणजे नेमके कोणते सुत्त, यावर आजही एकमत नाही. येथे आम्हांस आमच्या विद्यार्थ्यांना सांगावेसे वाटते की हा प्रश्न तुमच्यासाठी शिल्लक आहे.

मास्की आणि गुजर्रा

नावाविषयीच्या आक्षेपाचे उत्तर मिळण्यास मात्र सुमारे ६५ वर्षे लागली. १९१५ साली तत्कालीन निजाम राज्यातील रायचूर जिल्ह्यात मास्की या गावी बीडन नावाच्या खाण अभियंत्यास एक लघुशिलालेख सापडला. त्यात 'देवानंपिय' या उपाधीसह 'असोक' हे नाव स्पष्ट कोरलेले होते. इतकेच नव्हे, त्यात राजा आपण बुद्धाचा अनुयायी असल्याचेही सांगतो. म्हणजे विल्सन यांच्या दोन्ही आक्षेपांना एकाच शिळेने उत्तर दिले. शोध योगायोगाने लागला होता, परंतु त्याचे महत्त्व तत्काळ ध्यानी आले याचे कारण प्रश्न जिवंत होता. प्रश्नच विचारला गेला नसता तर मास्कीची शिळा ही अनेक शिळांपैकी आणखी एक शिळा ठरली असती.

तरीही काटेकोर तर्कशास्त्र जाणणारा म्हणू शकत होता की मास्कीला 'देवानंपिय असोक' आहे, पण 'पियदसि' कोठे आहे? ही उणीवही पुढे भरून निघाली. १९५० च्या दशकात मध्य प्रदेशातील दतिया जिल्ह्यात गुजर्रा येथे सापडलेल्या लेखात 'देवानंपिय', 'पियदसि' आणि 'असोकराज' ही तिन्ही पदे एकत्र आली. त्यानंतर कर्नाटकातील नित्तूर व उडेगोळम येथेही अशोकाचे नाव असलेले लेख मिळाले. सन्नतीजवळील कनगनहळ्ळीच्या स्तूपाच्या उत्खननात तर राजाचे शिल्प आणि त्याखाली 'रायो असोको' अशी अक्षरे सापडली. टर्नर यांनी एका हस्तलिखिताच्या आधारे जे म्हटले होते ते आता दगडावर सिद्ध झाले. विल्सन यांचा पक्ष हरला. परंतु त्यांनी आक्षेप घेतला नसता तर आपला निष्कर्ष परंपरेवरील विश्वासाच्या पातळीवरच राहिला असता. आज तो सिद्ध ज्ञान आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना सोपाऱ्याचे स्मरण येथे होईलच. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा खंड मिळाला, आणि पुढे १९५६ साली नवव्याचा खंड सापडला. आठव्या लेखात राजा अभिषेकाच्या दहाव्या वर्षी 'संबोधी'स गेला असे म्हटले आहे. याचा अर्थ तो संबोधीच्या मार्गाला लागला असा ऱ्हिस डेव्हिड्स यांनी केला होता, तर डॉ. दे. रा. भांडारकर यांनी तो बोधगयेस गेला असा अर्थ लावला. आज दुसरा अर्थ सामान्यतः स्वीकारला जातो. एका क्रियापदावरील या मतभेदातून अशोकाच्या धम्मयात्रेचे एक पाऊल निश्चित झाले.

परिनिर्वाणाच्या वर्षाचा प्रश्न

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे येऊ. सिंहली परंपरेनुसार परिनिर्वाण इ.स.पू. ५४४ मध्ये झाले आणि त्यानंतर २१८ वर्षांनी अशोकाचा अभिषेक. हा हिशेब धरल्यास अभिषेक इ.स.पू. ३२६ च्या आसपास येतो. परंतु अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मका आणि अलिकसुदर या पाच यवन राजांची नावे आहेत. ते सीरिया, इजिप्त, मॅसिडोनिया, सायरिनी आदी राज्यांचे राजे होत, आणि त्यांचा काळ इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याचा आहे. अलिकसुदर म्हणजे एपिरसचा अलेक्झांडर की कॉरिंथचा, यावर अजूनही मतभेद आहे. मात्र त्याने मुख्य निष्कर्ष बदलत नाही. अशोकाचा अभिषेक इ.स.पू. २६८ च्या सुमारास मानावा लागतो. म्हणजे परंपरेच्या गणनेत सुमारे ६० वर्षांची तफावत आहे. ही तफावत सर्वप्रथम दाखविणाऱ्यांत स्वतः टर्नर होते. ज्या ग्रंथाने त्यांना यश दिले त्याच ग्रंथातील दोष त्यांनी लपविला नाही.

म्हणून अभ्यासकांनी २१८ वर्षांचे अंतर कायम ठेवून परिनिर्वाण इ.स.पू. ४८६ किंवा ४८३ असे मानले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात इ.स.पू. ४८३ हेच वर्ष स्वीकारले. १९५६ चा उत्सव बौद्ध देशांच्या प्रचलित परंपरागत गणनेनुसार झाला. दोन वेगळ्या गणना आहेत आणि दोहोंचे प्रयोजन वेगळे आहे. पहिली बौद्ध जगताशी आपले नाते सांगते, दुसरी इतिहासाचा शोध घेते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जे घडले त्याचे मोल कोणत्याही पंचांगावर अवलंबून नाही. बाबासाहेबांनी उत्सवाच्या वर्षातच दीक्षा घेतली आणि ग्रंथात मात्र संशोधनाने दिलेले वर्ष लिहिले. त्यांना यात अडचण वाटली नाही, मग आपण का बिचकावे?

हा वादही मिटलेला नाही. उत्तरेकडील परंपरेत अशोक परिनिर्वाणानंतर १०० वर्षांनी झाला असे म्हटले आहे. तो आकडा खरा मानला तर परिनिर्वाण इ.स.पू. ३६८ च्या जवळ येते. १९८८ साली जर्मनीतील गोटिंगेन येथे हाइन्झ बेशर्ट यांच्या पुढाकाराने या एकाच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्यात एकमत झाले नाही, पण अनेक विद्वानांचा कल इ.स.पू. ४०० च्या आसपासच्या काळाकडे झुकला. पुढे लुंबिनी येथील मायादेवी मंदिराखाली झालेल्या उत्खननाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. किरणोत्सर्गी कर्बाच्या साहाय्याने तेथील लाकडी बांधकामाचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत मागे जातो असे उत्खननकर्त्यांनी म्हटले. त्यावर ते स्थान प्रारंभी बौद्धच होते की आधीच्या वृक्षपूजेचे होते, असा आक्षेप निघाला. नवे साधन आले, नवा प्रश्नही आला. शास्त्राची रीत अशीच असते.

वाद आणि विवाद

येथे पाली वाङ्मयाचा जाणकार आम्हांस विचारील की सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गात वादविवादाची निंदा आहे, तिचे काय? हा आक्षेप योग्य आहे. पसूरसुत्तात सभेत जिंकण्यासाठी आसुसलेल्या वादपटूंचे जे वर्णन आहे ते वाचले की भगवंतांना वाद मान्य नव्हता असे वाटू शकते. परंतु तेथे निषेध आहे तो 'माझेच खरे' या आसक्तीचा. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात भगवान भिक्षूंना सांगतात की कोणी बुद्धाची, धम्माची वा संघाची निंदा केली तर रागावू नका. रागावलात तर निंदा खरी की खोटी हे तुम्हांस कळणारच नाही. जे खोटे असेल ते खोटे म्हणून दाखवून द्या. स्तुतीच्या बाबतीतही शहानिशा करण्यासच ते सांगतात. आक्षेपाला सामोरे जाण्याची याहून उत्तम पद्धती आम्हांस ठाऊक नाही.

मिलिंदपञ्हात नागसेन स्थविर राजा मिलिंदाशी बोलण्यापूर्वी अट घालतात की संवाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच आपण बोलू, राजांच्या रीतीने नाही. पंडितांच्या वादात गुंता होतो, तो सोडविला जातो, चूक दाखविली जाते, ती मान्य केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजाच्या वादात विरोध करणाऱ्याला दंड होतो. परंपरेनुसार अशोकाच्याच काळी मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी रचलेला कथावत्थु हा ग्रंथ तर सबंध वादरूपच आहे. दोनशेहून अधिक मुद्दे, प्रत्येकात पक्ष, प्रतिपक्ष, स्वीकृती आणि तिच्यातील विसंगती. खंडन करावयाच्या मतांना ज्या ग्रंथात एवढी जागा मिळाली तो ग्रंथ त्रिपिटकात समाविष्ट झाला. आणि बाराव्या शिलालेखात स्वतः अशोक सर्व पंथांना वाणीचा संयम राखण्यास आणि एकमेकांचा धम्म ऐकण्यास सांगतो. ऐकल्यावाचून वाद होत नाही, केवळ कलह होतो.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार प्रश्न उपस्थित केले. परिव्रज्येचे कारण, चार आर्यसत्ये, अनात्मवाद व पुनर्जन्म यांतील विसंगती, आणि भिक्षूचे प्रयोजन, हे ते प्रश्न होत. वाचकांनी पुढे येऊन त्यांच्या उकलीस हातभार लावावा, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली. ज्यांनी आपल्याला धम्म दिला त्यांनी धम्मासोबत प्रश्नही दिले. प्रश्नांना बगल देऊन आपण त्यांचा वारसा कसा चालविणार?

तेव्हा आमची विनंती अशी की विहारातील प्रत्येक पाली वर्गात शंकेसाठी वेळ राखून ठेवावा, आणि पौर्णिमेच्या दिवशी तो अधिक ठेवावा. आक्षेप आला तर आक्षेपकाचा हेतू शोधण्याआधी पुरावा पाहावा. आपले मत चुकीचे ठरले तर ते जाहीरपणे बदलावे. १८३७ साली एका संपादकाने हे केले म्हणून आपल्याला अशोक सापडला. त्या उपासिकेला आम्ही तेव्हा थांबविले ही आमची चूक होती. ती हे वाचीत असेल तर तिने पुढील वर्गात आपला दुसरा प्रश्न घेऊन यावे.